पटावरचे गहू आणि ६४१

सदाशिव पेठेतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी चौसष्ट घरं भरली की येणारी संख्या म्हणे ‘दैवी’ आहे, ती कुणाला फोडता येत नाही. संख्या ही: १८४४६७४४०७३७०९५५१६१५. अहो, शेवटी ५ आहे! पाचाने भाग जातो हे तिसरीतलं पोरही सांगेल.

मोठी मात्र आहे. एकं, दहं, शतं करत परार्धापर्यंत पोचलात तरी असे १८४ परार्ध भरतात. दाणा ०.०४ ग्रॅमचा धरला, तर जगाच्या आजच्या उत्पादनाने एवढा गहू पिकवायला नऊशेच्या आसपास वर्षं लागतील.

खरी गंमत ती फुटते कशी यात आहे. दाण्यांची बेरीज म्हणजे २ चा ६४ वा घात वजा १. शाळेतलं ‘अ वर्ग वजा ब वर्ग’ लावा: एक तुकडा २ चा ३२ वा घात अधिक १, दुसरा तोच घात वजा १. वजावाला पुन्हा तसाच फुटतो. शेवटी हाती राहतात ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. पहिले पाच मूळ संख्या. सहावाही, आणि या साच्यातले (२ चा १, २, ४, ८ असा दुप्पट होत जाणारा घात, अधिक १) पुढचे सगळेच, मूळ असावेत असं फ्रेंच गणिती फर्माने १६४० मध्ये मानलं होतं. स्विस गणिती ऑयलरने १७३२ मध्ये सहावा फोडला: ६४१ × ६७००४१७.

६४१ च का? ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. म्हणून ‘५ गुणिले २ चा ७ वा घात’ याला ६४१ ने भागलं की बाकी −१ (ऋण बाकी चालते, ६४० ला एकच कमी पडतोय ना). चौथा घात घ्या: ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. आता तेच ६४१ दुसऱ्या बाजूने बघा: ६२५ + १६. म्हणजे बाकीच्या हिशोबात ६२५ च्या जागी −१६ चालतो. १६ हा २ चा चौथा घात. २८ आणि ४ मिळून ३२. तेव्हा २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१, त्यात १ मिळवला की शून्य! एकदा पेन घेऊन कराच. नुसतं वाचून हे पचत नाही.

ग्रुपवर एका काकांनी अंकांची बेरीज करून ८७, मग १५, मग ६, ‘शुक्राचा अंक’ काढला. काका, हीच संख्या द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहिली तर नुसते ६४ एक येतात. शुक्र कुठे गेला?

एका पटाला दुसरा जोडून १२८ घरं केलीत, तर आणखी एक अवयव येतो: १८४४६७४४०७३७०९५५१६१७. तो फोडल्याचं जाहीर व्हायला १८८० साल उजाडावं लागलं. फ्रेंच गणिती लँड्रीला सापडलेला छोटा तुकडा होता २७४१७७.