एकविसावा रकाना

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली असताना क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने आपल्या ‘फाल्कन’ या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. चूक कळताच ७८ मिनिटांत ती मागेही घेतली. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले. मुंबईसह देशातल्या अनेक विमानतळांवर चेक-इन अडलं, काही प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. हॅकरांचा यात काडीचाही हात नव्हता.

फाल्कन विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालतं. ब्राउझर भलत्या मेमरीत शिरला तर तो एकटा बंद पडतो. कर्नलमधल्या ड्रायव्हरने (फाल्कनचा गाभ्यातला भाग असाच ड्रायव्हर आहे) तेच केलं तर विंडोज अख्खा संगणक थांबवतं, कारण पुढे रेटलं तर डेटा बिघडू शकतो. शिवाय घातक प्रोग्रॅमच्या आधी जागं राहायचं म्हणून फाल्कन संगणक सुरू होतानाच लोड होतं. रीस्टार्ट केलं की पुन्हा तीच फाइल, पुन्हा निळा पडदा!

झालं होतं काय? त्या फाइलीत संशयास्पद हालचाली ओळखायचे नियम होते. या प्रकारच्या नियमांत तपासायचे रकाने २१ होते, पण त्यांत माहिती पुरवणारा कोड २०च नोंदी देत होता. ही तफावत फेब्रुवारीपासूनची. तोवरच्या नियमांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असं असे, त्यामुळे तो वाचायची वेळच आली नाही. त्या शुक्रवारच्या नियमाने तिथे पहिल्यांदा ठरावीक मजकूर शोधायला सांगितला. नसलेली एकविसावी नोंद वाचायला सॉफ्टवेअर यादीबाहेरच्या मेमरीत गेलं आणि कोसळलं. पाठवण्याआधी फाइल तपासणारा प्रोग्रॅमही २१ नोंदी मिळतात असं धरून चालला होता. त्याने ती बिनदिक्कत पास केली.

मला विचाराल तर मोजणीतली चूक माफ करता येईल. सी++ या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिणाऱ्यांकडून अशा चुका नेहमीच होतात. गफलत वितरणात होती. फाल्कनची नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने पाठवण्याची शिस्त कंपनीकडे होती, ग्राहकांना एक-दोन आवृत्त्या मागे राहण्याची मुभाही होती. ही फाइल मात्र सॉफ्टवेअर नव्हे, नुसती माहिती मानली गेली. त्यामुळे ती एकदम सगळ्यांकडे गेली, सावधपणे मागे राहिलेल्यांकडेसुद्धा.

फाइल मागे घेऊन बंद पडलेली यंत्रं उठणार नव्हती. बहुतेक ठिकाणी सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच गोष्टी लोड करून चालणाऱ्या विंडोजमध्ये शिरून ती फाइल हाताने पुसावी लागली. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं सांकेतिक कुलूप असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की शोधा. (ती ठेवलेला सर्व्हरही बंद असला तर आयटीवाल्यांचे हाल विचारू नका.)

आता क्राउडस्ट्राइक अशा फाइलीही टप्प्याटप्प्याने पाठवते आणि त्या कधी घ्यायच्या ते ग्राहकाला ठरवता येतं. मायक्रोसॉफ्टने सुरक्षा सॉफ्टवेअर कर्नलबाहेर चालवण्याची सोय करायला घेतली आहे. बाहेर राहून हल्लेखोरांवर तितकीच नजर ठेवता येईल का, अशी शंका काही सुरक्षा कंपन्यांना आहे.