मराठीत एकच 'असतं तर', इंग्रजीत मात्र दोन

"पाऊस पडला तर मॅच रद्द होईल." हे इंग्रजीत सगळ्यांना जमतं: 'इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड.' इफच्या बाजूला विल लावायचं नाही, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं, म्हणून इफच्या वाक्यांच्या या पहिल्या प्रकारावर मी वेळ घालवत नाही. चुका होतात त्या दुसऱ्या (आत्ता खरं नसलेलं) आणि तिसऱ्या (तेव्हा न घडलेलं) प्रकारात, आणि दर वर्षी वह्यांमध्ये नेमक्या त्याच जागी होतात.

याचं मूळ आपल्या मराठीत आहे. "मला वेळ असता तर मी आले असते" हे वाक्य घ्या. मैत्रीण फोनवर आत्ता बोलावतेय आणि मी कामात अडकलेय, तेव्हा मी हेच म्हणते. तिच्या घरचं लग्न परवा होऊन गेलं आणि मला जायला जमलं नाही, तरी हेच म्हणते. प्रसंग ऐकणारीला माहीत असतो, त्यामुळे मराठीत एका वाक्यावर भागतं. इंग्रजीत भागत नाही. फोनवर 'इफ आय हॅड टाइम, आय वुड कम'. लग्न उलटून गेल्यावर 'इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम'.

हे 'हॅड हॅड' पाहून एका विद्यार्थिनीने दुसऱ्या हॅडवर काट मारली. "मॅडम, चुकून दोनदा पडलंय." चुकून नाही. पहिला हॅड सहायक आहे, दुसरा 'जवळ असणे' या मूळ क्रियापदाचा. त्यातला एक खोडला की वाक्याचा इफचा अर्धा भाग आत्ताचा होतो आणि वुडचा परवाचाच राहतो.

मला खरा राग आहे तो 'टाइप २ म्हणजे इफनंतर भूतकाळ' असं छापणाऱ्या तक्त्यांचा. मुलं तेवढं पाठ करतात आणि गोष्ट कालची आहे असं धरून चालतात. 'इफ आय हॅड टाइम' यात रूप भूतकाळाचं आहे, गोष्ट आत्ताची आहे आणि ती खरी नाही. मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये. "उद्या पाऊस पडला तर" म्हणताना 'पडला' हे रूप भूतकाळाचंच असतं आणि पाऊस उद्याचा असतो! मात्र हीच सवय ऑफिसच्या मेलमध्ये नडते. "उद्या कागद पाठवलेत तर" याचं 'इफ यू सेंट' केलं, की तुम्ही पाठवाल असं मला काही वाटत नाही, असा सूर लागतो. तिथे 'इफ यू सेंड'च हवं.

म्हणून सराव करताना टाइपचे आकडे विसरा. वाक्य आधी मराठीत म्हणा आणि त्याच्या प्रत्येक अर्ध्या भागाला स्वतंत्रपणे विचारा: आत्ता, की तेव्हा? 'आत्ता' असेल तर इफकडे साधं भूतकाळी रूप, दुसरीकडे वुड. 'तेव्हा' असेल तर इफकडे हॅड आणि क्रियापदाचं तिसरं रूप, दुसरीकडे वुड हॅव. "काल औषध घेतलं असतं तर आज बरी असते" यात पहिला भाग तेव्हाचा, दुसरा आत्ताचा: 'इफ आय हॅड टेकन द मेडिसिन, आय वुड बी फाइन नाउ.' तक्ता पाठ करणारे इथेच अडतात.

'इफ आय वुड हॅव नोन' लिहू नका. बोलण्यात हॅड आणि वुड दोन्ही आखडून नुसता 'ड' उरतो आणि कान फसतो. अमेरिकेत काही लोक तसं बोलतातही, पण परीक्षेत ती चूकच धरतात. 'इफ आय वॉज' की 'इफ आय वर'? दोन्ही चालतं, लिहिताना मी 'वर'च लिहायला लावते.

आता हे वहीत लिहून बघा: "मला पोहता येत असतं तर मी उडी मारली असती." नदीकाठी उभं राहून आत्ता म्हणत असाल तर 'इफ आय कुड स्विम, आय वुड जंप इन'. गोष्ट गेल्या वर्षीची असेल आणि पोहणं आजही येत नसेल, तर उडी तेवढी तेव्हाची, न येणं आत्ताचंच: 'इफ आय कुड स्विम, आय वुड हॅव जम्प्ड इन.' आणि मधल्या काळात शिकला असाल तर 'इफ आय हॅड नोन हाउ टू स्विम'.