पार्श्वभूमी आधी की नंतर? रंगवलेल्या पडद्यापासून एलईडी भिंतीपर्यंत

मागचा देखावा नंतर जोडता यावा म्हणून नटाला हिरव्या पडद्यासमोर उभे केले की त्याचा अभिनय कोमेजतो, ही तक्रार गेली वीस-पंचवीस वर्षे सातत्याने ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे, पण ती नेमकी मांडली जात नाही. रिकामी जागा नटाला नवी नसते. कोकणातल्या दशावतारात एका लाकडी बाकड्यावर राजसभा भरते, आणि तेवढ्याने नटाचे वा प्रेक्षकाचे काही अडत नाही. अडचण सुरू होते ती त्या जागेत पुढे काय येणार हे चित्रीकरणाच्या वेळी कोणालाच ठाऊक नसते आणि समोर बोलायला माणूसही नसतो तेव्हा. ट्रिकदृश्यांचा इतिहास या बाजूने पाहिला, तर पार्श्वभूमी नटाच्या आधी तयार होते की नंतर, या प्रश्नाभोवती तो फिरताना दिसतो.

सुरुवातीच्या काळात ती आधीच तयार असे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले, आणि रंगवलेल्या देखाव्यापुढे नट उभा करणे ही त्या पिढीची स्वाभाविक पद्धत होती. दादासाहेब फाळके यांनी ट्रिक छायाचित्रणाचा पाया घातला. १९१८ च्या ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये कंसाचे मस्तक धडापासून सुटून वर जाते आणि परत येऊन बसते. फिल्म मागे फिरवून तिच्यावर पुन्हा चित्रण करायचे, ही अशा दृश्यांमागची युक्ती. त्यात नटाला आपली जागा आणि हालचाल काटेकोरपणे सांभाळावी लागे. तंत्राचा नटावर पडणारा भार तेव्हापासूनचा आहे.

अमेरिकेत याच सुमारास, १९१८ मध्ये, फ्रँक विल्यम्स यांना फिरत्या मॅटचे, म्हणजे नटाबरोबर हलणाऱ्या झाकणीचे, पेटंट मिळाले. नटाला काळ्या पार्श्वभूमीसमोर चित्रित करायचे, त्याच्या आकृतीची छाया-फिल्म तयार करायची आणि तिच्या साहाय्याने वेगळ्या ठिकाणचे चित्र मागे जोडायचे, अशी ही पद्धत होती. नट आधी आणि देखावा नंतर, हा क्रम इथे शक्य झाला. तरीही १९३० च्या दशकापासून बराच काळ स्टुडिओंचा भर मागच्या प्रक्षेपणावर, म्हणजे नटामागच्या पडद्यावर आधी टिपलेले चित्र पाडण्यावर, राहिला. १९३३ च्या ‘किंग काँग’मध्ये नायिका फे रे झाडावर बसली आहे आणि मागे महाकाय वानर व डायनासोर झुंजत आहेत, असे दृश्य आहे. ती झुंज छोट्या बाहुल्यांची हालचाल चौकटीगणिक टिपून आधीच पुरी झाली होती आणि नटीच्या मागच्या पडद्यावर ती प्रक्षेपित केली जात होती. चित्र अंधूक असे, पण दिग्दर्शक, छायाचित्रकार आणि नटी या तिघांसमोर एकच घटना घडत होती.

रंगीत फिल्म आल्यावर क्रम उलटला. लॅरी बटलर यांनी १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’साठी निळ्या पडद्याची पद्धत वापरली आणि ऑस्कर मिळवले. म्हैसूरजवळ जन्मलेला नट साबू त्या चित्रपटात प्रचंड जिनच्या पाठीवरून उडतो. निळा रंग निवडण्याचे कारण सरळ आहे: माणसाच्या कातडीत तो सर्वांत कमी असतो, त्यामुळे वेगळा काढायला सोपा. पण केसांच्या कडा, धूर, काच, पातळ कापड यांच्याभोवती निळी किनार राहत असे. १९५९ च्या ‘बेन-हर’साठी पेट्रो व्लाहोस यांनी रंगफरकाची, म्हणजे निळ्या आणि इतर रंगांच्या प्रमाणातल्या फरकावरून आकृती वेगळी काढण्याची, पद्धत बसवली आणि हा दोष बराच आटोक्यात आला. व्लाहोस यांचीच दुसरी पद्धत सोडियम दिव्यांची होती. पांढरा पडदा सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाने उजळायचा आणि कॅमेऱ्यातल्या खास लोलकाने तेवढा प्रकाश दुसऱ्या फिल्मकडे वळवायचा. १९६४ च्या ‘मेरी पॉपिन्स’मधल्या टोपीची जाळीसुद्धा तिने स्वच्छ वेगळी काढली. आजही ते दृश्य पाहताना थक्क व्हायला होते. मात्र तो लोलक बनवणे फार अवघड असल्याने पद्धत मागे पडली.

व्हिडिओच्या काळात क्रोमा, म्हणजे एका रंगाचा पडदा वगळून तिथे दुसरे चित्र बसवण्याची ही युक्ती, दूरदर्शनच्या हवामानवृत्तापर्यंत पोचला. डिजिटल कॅमेऱ्यांबरोबर निळ्याची जागा हिरव्याने घेतली, कारण त्यांच्या सेन्सरवर हिरवा टिपणारे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात आणि हिरवा पडदा कमी प्रकाशातही उजळतो. याचा जाच वेशभूषेला होतो. नववधूचा हिरवा चुडा किंवा हिरवे लुगडे क्रोमासमोर आले की मनगट आणि पदर यांच्या जागी मागचा देखावा उमटतो. मग पडदा निळा करावा लागतो, आणि निळ्या वर्णाचा कृष्ण आला की पुन्हा हिरवा. शिवाय पडद्याचा रंग गालांवर, कपाळावर परावर्तित होतो आणि तो नंतर काढत बसावे लागते.

या सगळ्याचा नटावर होणारा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसला तो ‘द हॉबिट’च्या चित्रीकरणात. आधीच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांत लहानमोठ्या आकाराच्या पात्रांसाठी अंतराचा दृष्टिभ्रम बऱ्याच ठिकाणी वापरला होता: एक नट कॅमेऱ्याजवळ, दुसरा दूर, पण दोघे एकाच खोलीत. ‘हॉबिट’ त्रिमितीत चित्रित होत असल्याने ही युक्ती चालेना, कारण दोन भिंगांना अंतर लगेच कळते. म्हणून उंच जादूगाराची भूमिका करणारे इयन मॅकेलन एका हिरव्या सेटवर एकटे, बुटके झालेले नट दुसऱ्या सेटवर, आणि दोन्हीकडचे कॅमेरे एकमेकांशी जोडलेले, अशी व्यवस्था झाली. मॅकेलन यांच्यासमोर सहकलाकारांची छायाचित्रे काठ्यांवर लावलेली होती आणि ज्याचा संवाद असेल त्याच्यापुढचा दिवा लागे. शेक्सपिअरची नाटके गाजवलेल्या या ज्येष्ठ नटाला तिथे रडू आले, आणि अंगावरचा मायक्रोफोन चालू असल्याने ते युनिटला ऐकू गेले. ज्याने उभे आयुष्य रंगभूमीवर काढले, त्याला रिकाम्या सेटचे भय वाटण्याचे कारण नाही. तिथे प्रतिसाद देणारा चेहरा नव्हता, हेच माझ्या मते त्यामागचे खरे दुःख होते.

देखावा नंतर ठरणार असला की निर्णयही नंतर ढकलले जातात, आणि त्याचा बोजा पडद्यावर कधी न दिसणाऱ्या माणसांवर येतो. ‘लाइफ ऑफ पाय’मध्ये सूरज शर्माने तैवानमधल्या पाण्याच्या टाकीत, बहुतांश दृश्यांत अस्तित्वातच नसलेल्या वाघाबरोबर काम केले. तो वाघ घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीची मुंबई आणि हैदराबादलाही कार्यालये होती. २०१३ च्या फेब्रुवारीत या कामाला ऑस्कर मिळाले, आणि त्याच महिन्यात कंपनी दिवाळखोरीत गेली होती. ठरलेल्या रकमेत वारंवार बदल करून देण्याची रीत या व्यवसायाला पोखरते, ही तेव्हा उघडपणे झालेली चर्चा आजही संपलेली नाही.

त्याच वर्षीच्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये हवाईतल्या हालेआकाला पर्वतावरून टिपलेले आकाश सेटभोवती प्रक्षेपित केले होते, मागच्या प्रक्षेपणाची जुनी कल्पना तिथे नव्या साधनांनिशी परतली. २०१९ मध्ये ‘द मँडलोरियन’ मालिकेने ती पूर्णत्वाला नेली. सुमारे वीस फूट उंचीची अर्धगोलाहून मोठी एलईडी भिंत, म्हणजे प्रकाशमान दिव्यांचा प्रचंड पडदा, वर एलईडीचेच छत आणि त्यावरचा देखावा घडवणारी, व्हिडिओ गेमसाठी बनलेली अनरियल इंजिन ही संगणकप्रणाली, अशी ही रचना होती. कॅमेरा हलला की त्याच्या नजरेत येणारा भिंतीवरचा तुकडा त्याच क्षणी आपला कोन बदलतो. नायकाच्या चकचकीत चिलखतावर क्रोमाने हिरवी झाक आणली असती. इथे त्यावर खऱ्याखुऱ्या वाळवंटाचे प्रतिबिंब पडल्यासारखे दिसते. नटाच्या डोळ्यांत मावळतीचा प्रकाश उतरतो आणि तो कुठे पाहतो आहे, हे त्याला सांगावे लागत नाही. भारतात हैदराबादच्या अन्नपूर्णा स्टुडिओने क्यूब सिनेमाबरोबर असा मंच उभारला आहे.

यात आयते काही मिळत नाही. भिंतीवरचे जग चित्रीकरणाच्या कित्येक आठवडे आधी तयार हवे, म्हणजे दिग्दर्शक आणि कलादिग्दर्शकाने मन आधीच पक्के करायला हवे. भिंत भिंगाच्या नेमक्या फोकसमध्ये आली तर पडद्यावर जाळीदार लहरी उमटतात. ज्यांना तेवढे आधी ठरवता येत नाही ते भिंतीवरच, नटाच्या बरोबर मागे, कॅमेऱ्याच्या चौकटीपुरता हिरवा तुकडा लावतात आणि आजूबाजूची उरलेली भिंत प्रकाशासाठी चालू ठेवतात. समोरचा सहकलाकार मात्र यातल्या कोणत्याही यंत्राच्या खर्चात धरलेला नसतो. त्याला त्या दिवशी सेटवर बोलवायचे की नाही, हे आजही दिग्दर्शक आणि निर्मात्यालाच ठरवावे लागते.