कॅम्पर व्हॅनमधला हीटर: ऊब आत, जळलेली हवा बाहेर
सोलापूरची थंडी चादरीवर निभते. पण इथली हौशी मंडळी टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बिछाना नि ओटा बसवून लेहच्या वाटेला लागली, की तिकडच्या गोठवणाऱ्या रात्रींसाठी प्रोपेन वायूवर चालणारा हीटर शोधू लागतात. तो घेताना किती ऊब देतो हे विचारलं जातं. त्याआधी विचारावं, हा जळायला हवा कुठून घेतो आणि जळलेला वायू कुठे सोडतो?

प्रोपेनच का, याचं उत्तर सोपं आहे. तो उणे ४२ अंशांला उकळतो, ब्युटेन शून्याच्या जेमतेम खाली. घरच्या सिलिंडरमध्ये दोन्हींचं मिश्रण असतं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत त्यातला ब्युटेन द्रवच राहतो, जळायला वाफ कमी पडते नि ज्योत मंदावते.

आता एका रात्रीचा हिशेब पाहा. दीड किलोवॉटचा हीटर आठ तास चालला तर जवळपास १ किलो प्रोपेन जळतो. त्याला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. मोठ्या व्हॅनमध्ये एकूण हवाच साधारण तेवढी! शिवाय दीड लिटरहून जास्त पाणी तयार होतं. सकाळी काचेवरून ओघळ उतरलेले असतात, पत्र्याला थेंब लटकतात, गादीची कड ओलसर लागते.

ऑक्सिजन कमी पडला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने जीव जातात ते यामुळेच. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, गळून जायला होतं. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये विरळ हवेचा त्रासही अगदी असाच असतो, म्हणून माणूस गोळी घेऊन पुन्हा झोपतो. मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते.

काही पोर्टेबल हीटर ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की आपोआप बंद होतात. सोय चांगली आहे, पण ती कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. म्हणून झोपेत चालू ठेवायचा असेल, तर बंदिस्त ज्वलनकक्षाचाच हीटर घ्यावा. तो एका नळीने बाहेरची हवा ओढतो, दुसरीने जळलेला वायू बाहेर टाकतो. आत येते फक्त कोरडी ऊब. महाग पडतो, तरी पैसे इथेच घालावेत. उघड्या ज्योतीचा हीटर जागेपणी, खिडकी किलकिली ठेवून वापरावा आणि झोपण्यापूर्वी बंद करावा.

सिलिंडर उभाच ठेवावा. आडवा केला तर वाफेऐवजी द्रव नळीत शिरतो. त्याच्या कप्प्याचं दार बाहेरून उघडणारं नि तळाला भोक असलेलं हवं. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असल्याने गळला तर खाली साचतो, आणि हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या थोडं वर गेलं तरी ठिणगी पुरते. खडबडीत रस्त्याने सांधे ढिले होतात, तेव्हा मुक्कामी पोचल्यावर त्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघावं. गळती ओळखणारा अलार्म जमिनीलगत लावावा, कार्बन मोनॉक्साइडचा उशीच्या उंचीला.

हा दुसरा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग बाहेरून सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. डोकं जड असलेल्या माणसाला थेट दवाखान्यात न्या. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास.