बारा निर्दोष इनिंग आणि यादीतून पुसलेलं नाव

अमेरिकन बेसबॉलमध्ये नो-हिटरच्या (समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे बेसवर पोचवणारा फटका, न मिळालेल्या सामन्यांच्या) यादीवरून अजूनही वाद झडतात, त्यांची मुळं २६ मे १९५९ च्या रात्री मिलवॉकीच्या काउंटी स्टेडियमवर आहेत. पिट्सबर्गचा ठेंगणा डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) हार्वी हॅडिक्स सर्दीने बेजार होता. तरी त्याने ओळीने ३६ बॅटर बाद केले. १२ इनिंगमध्ये एकही जण पहिल्या बेसपर्यंत पोचला नाही. यजमान मिलवॉकीचा संघ आपल्या बुलपेनमधून (राखीव पिचरांच्या जागेतून) दुर्बीण लावून कॅचर पिचरला करत असलेल्या खुणा चोरत होता, हे पुढे त्यांच्यातल्याच एका पिचरने सांगून टाकलं. म्हणजे कोणता चेंडू येणार हे ठाऊक असूनही ही गत!

पण पिट्सबर्गलाही धाव काही निघेना. तेराव्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूचा थ्रो चुकला आणि पहिला बॅटर बेसवर आला. बंट करून (चेंडू बॅटने हलकेच अडवून) त्याला दुसऱ्या बेसवर सरकवलं गेलं. पुढच्याला मुद्दाम वॉक (फटक्याविना पहिला बेस) दिला आणि त्यानंतरच्याने चेंडू थेट कुंपणापार धाडला. वॉकवर आलेल्या भिडूला चेंडू पार गेल्याचं कळलंच नाही. सामना संपला असं समजून तो मध्येच वळला, फटका मारणारा त्याच्या पुढे निघून गेला आणि बाद ठरला. अंपायरांनी त्या रात्री २-० धरलं. दुसऱ्या दिवशी लीगच्या अध्यक्षांनी होमरनचा डबल (दोन बेसचा फटका) केला आणि स्कोअर १-० वर आणला.

अशा खेळी तेव्हाही दुर्मीळच होत्या. १८८० च्या जूनमध्ये पाच दिवसांत दोन परफेक्ट गेम (समोरचा एकही खेळाडू बेसवर न पोचता संपलेले सामने) झाले. १९२२ नंतर थेट १९५६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, अवघ्या ९७ चेंडूंत, पुढचा झाला.

खरा घोळ १९९१ चा. तोवर नो-हिटर म्हणजे नक्की काय, हे कुणी नीट लिहूनच ठेवलं नव्हतं. आकडेवारीच्या समितीने व्याख्या ठरवली: सामना किमान नऊ इनिंगचा हवा आणि तो हिटविना संपायला हवा. पाऊस-अंधारामुळे अर्ध्यावर थांबलेले सामने गळाले, ते ठीकच. पण त्याच फटक्यात सुमारे ५० नोंदी गेल्या आणि त्यात १९५९ ची ही रात्रही. नऊ इनिंगची अट त्याने पाळली, वर तीन जास्त टाकल्या. नडला तो ‘संपायला’ हा शब्द, कारण सामना संपला तो तेराव्या इनिंगमधल्या हिटवर. त्याच बैठकीत रॉजर मॅरिसच्या १९६१ च्या ६१ होमरनच्या विक्रमाची वेगळी नोंद मात्र रद्द होऊन तो सरळ विक्रम ठरला. एकाला न्याय, दुसऱ्यावर काट.

हरणं आड येतं म्हणावं, तर तेही नाही. १९६४ मध्ये ह्यूस्टनचा एक पिचर नऊ इनिंगमध्ये एकही हिट न देता १-० ने हरला. तो यादीत आहे. २०२१ मध्ये डबलहेडरचे (एकाच दिवशीच्या जोडसामन्यांचे) सामने सात इनिंगचे होते, तेव्हा ॲरिझोनाच्या पिचरने पुऱ्या सातही इनिंग हिटविना काढल्या. तो यादीत नाही. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये चौघा पिचरांनी मिळून हिटविना नऊ इनिंग वाटून घेतल्या. तेही यादीत आहेत.

१९५९ च्या सामन्यापुढे आज एवढंच लिहिलेलं सापडतं: हिट एक, पराभव.