टेकडीवरचा शत्रू कधीपासून तिथे असतो?

एकट्याने खेळायच्या डावपेची वॉरगेममध्ये, म्हणजे छोट्या तुकड्यांच्या लढाईच्या पटावरच्या खेळात, पायदळाने टेकडी चढून जाण्याचा प्रसंग वारंवार येतो. त्यात रचनाकाराची मोठी सोय आहे. निर्णय सगळे चढणाऱ्याचे असतात. वरचा माणूस खंदकात बसलेला. त्याने हलायचे नाही, दिसेल त्याच्यावर गोळी झाडायची. त्याचे काम चार नियम आणि एक फासा यांवर सहज भागेल असे कोणालाही वाटेल. पण तो टेकडीवर नेमका कुठे आहे आणि हे आधीपासून कोणाला ठाऊक असते, या प्रश्नापाशी हा प्रकार पुन्हा पुन्हा अडला आहे.

१८२४च्या प्रशियन लष्करी खेळात ही अडचण नव्हती. १:८००० प्रमाणाचा नकाशा, दोन मिनिटांची चाल आणि मध्ये पंच. शत्रू कुठे आहे हे पंचाला माहीत असे आणि खेळाडूला दिसले असते तेवढेच तो सांगे. १९५४पासून अमेरिकेत खोक्यातून विकले जाऊ लागलेले खेळ पंचाविना आले. त्याच्याबरोबर ते अज्ञानही गेले. दोघे समोरासमोर, काउंटर, म्हणजे तुकड्यांच्या सोंगट्या, पटावर उघडे.

१९७०च्या पँझरब्लिट्झने खेळ डावपेची पातळीवर आणला. त्यात षटकोन, म्हणजे पटावरचे एक षटकोनी घर, २५० मीटरचा होता आणि टेकडी मुख्यतः रणगाड्यांना नजर टाकायला उपयोगी. १९७७च्या स्क्वाड लीडरमध्ये षटकोन ४० मीटरचा झाला आणि तुकडीचे मनोधैर्य खेळाच्या मध्यभागी आले. उघड्या उतारावर सापडलेली तुकडी आता मरण्याआधी मोडायची. तिला सावरायला जवळ नायक लागायचा, आणि नायक तर नेमका दुसऱ्या घळीत असायचा. चढाईतली खरी गंमत इथून सुरू होते.

त्याच सुमारास खोक्यांवर हा खेळ ‘सॉलिटेअर’साठी कितपत बरा, याचा निर्देश छापला जाऊ लागला. शब्द तेव्हाच गुंतला. मूळ खेळ दोघांचाच; एकट्याने फक्त आळीपाळीने दोन्ही खुर्च्यांवर बसायचे. झुडपातली मशीनगन स्वतः लपवायची आणि मग तिची खबर नसल्याचे सोंग आणून स्वतःचीच तुकडी तिच्या तोंडी द्यायची. बहुतेक जण हे इमानाने करतही. पण एका माणसासाठीच रचलेला खेळ हा वेगळा प्रकार, आणि एकाच शब्दाखाली दोन्ही मोजले गेल्याने घोळ अजून मिटलेला नाही.

दुसऱ्या अर्थाचा पहिला मोठा डावपेची खेळ म्हणजे १९८३चा अँबुश. सैनिक एखाद्या षटकोनात शिरला की कार्ड सरकवून खिडकीतला आकडा पाहायचा आणि पुस्तिकेतला त्या क्रमांकाचा परिच्छेद वाचायचा. शत्रू आधीच लिहून ठेवलेला. थरार अस्सल, पण एकदाच. दुसऱ्या वेळी कुठली झाडी टाळायची हे पाठ झालेले असते.

मग नव्वदच्या दशकापासून संशयित काउंटर, म्हणजे ज्यांखाली शत्रू असेल किंवा नसेल अशा सोंगट्या, आले आणि २००८मध्ये फील्ड्स ऑफ फायर. यात षटकोन नाहीत. भूभागाचे पत्ते ओळीने मांडून टेकडी उभी करायची आणि एका अमेरिकन पायदळ कंपनीचा कमांडर म्हणून नॉर्मंडी, कोरिया किंवा व्हिएतनाममध्ये वर चढायचे. हुकूम किती देता येतील हेही पत्ता ओढल्यावर कळते. टेलिफोनची तार तुटली की प्लाटून (कंपनीतली तुकडी) नजरेसमोर असूनही हाताबाहेर जाते. नियमपुस्तकाने अनेकांना पहिल्या संध्याकाळीच हरवले. पुढच्या आवृत्तीत ते नव्याने लिहावे लागले. पण खरा वाद नियमपुस्तकाचा नव्हता.

वाद होता संभाव्य संपर्काच्या खुणांचा. पत्त्यावर खूण असते; सैनिक तिथे पोहोचले की शत्रू आहे की नाही हे पत्ते ठरवतात. म्हणजे मी पाऊल टाकेपर्यंत टेकडीवर कोणीच नसते. समर्थक म्हणतात, कंपनी कमांडरला जग असेच दिसते, आणि खेळ शंभरदा मांडला तरी शिळा होत नाही. चालत्या लढाईसाठी हे पटते. नॉर्मंडीच्या कुंपणांत कोण कुठे अडखळेल याचा खरोखरच भरवसा नव्हता.

टेकडीला मात्र ते नीट लागू पडत नाही. टेकडी राखणारा माणूस योगायोगाने तिथे नसतो. तो माथ्यावर बसत नाही; माथ्याच्या थोडे खाली, जिथून पायथ्यापर्यंतचा उतार दिसतो तिथे खणतो. एक मशीनगन दुसरीच्या पुढचा आंधळा पट्टा झाकते. कोरियात १९५१नंतर आघाडी थिजली तेव्हा मीटरमधल्या उंचीने ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांवर महिनोन् महिने बंकर बांधले जात होते. तिथे शत्रू आहे का हा प्रश्नच नसतो. तोफांच्या माऱ्यातून किती जण उरले हा असतो. एकेक पत्ता ओढून उगवलेल्या मशीनगनांना एकमेकींची ओळख नसते. नियम त्यांना चांगला आडोसा शोधून देतात, पण बचावाची आखणी देऊ शकत नाहीत.

२००९च्या डी-डे ॲट ओमाहा बीचने याच प्रश्नाचे उलटे उत्तर दिले. किनाऱ्यामागच्या चढावरची जर्मन ठाणी नकाशावरच छापलेली आहेत, त्यांचे माऱ्याचे टप्पे रंगवून दाखवलेले. कोणते ठाणे या चालीत गोळीबार करील हे पत्ता सांगतो. ठाण्यात किती बळ आहे आणि ते मोडायला कोणती हत्यारे लागतील, हे मात्र जवळ जाईपर्यंत झाकलेले. जागा ठाऊक, माणूस अज्ञात. या खेळाचा एकक कंपनी आहे, त्यामुळे त्याला डावपेची म्हणावे का यावर काही जण नाक मुरडतात. तरीही टेकडीचा बचाव कसा रचतात हे एकट्या खेळाडूला यातून जास्त कळते.

त्यानंतरच्या खेळांत दोन्हींची सरमिसळ दिसते. उलट उताराचा पेच मात्र तसाच आहे. १९४५मध्ये ओकिनावावर जपानी सैन्याने अनेक टेकड्यांची मागची बाजू पोखरून ठेवली होती. अमेरिकन तुकड्या माथ्यावर पोहोचत आणि मग पलीकडून हातबॉम्ब आणि उखळी तोफांचा मारा सुरू होई. माथ्याच्या पत्त्यावर पाय ठेवताच विजय मोजणाऱ्या कामगिरीत ही दुसरी लढाई पटावर येतच नाही.