अनुभव आला, पण कसोटी लागली का?

‘मला अनुभव आलाय, मला कुणी शिकवू नये,’ असं एक म्हणतो. ‘मीही करून पाहिलंय, काही होत नाही,’ असं दुसरा म्हणतो. एक आस्तिक, एक नास्तिक, आणि देवाची परीक्षा घेऊन झाली अशी दोघांचीही समजूत. माझ्या मते बहुतेक वेळा ती दोघांनीही घेतलेली नसते. दोघांच्या गाठीशी अनुभव असतो, एवढंच.

अनुभव आधी येतो आणि त्याचा अर्थ आपण मागाहून लावतो. कसोटीत हा क्रम उलटा असतो. काय घडलं तर आपलं म्हणणं खरं आणि काय घडलं तर खोटं, हे आधी बोलून ठेवायचं, मग निकालाची वाट बघायची.

याचा नमुनेदार दाखला चक्क बायबलमध्ये सापडतो. ‘शास्ते’ या भागातल्या गिदोनाला लढाईला निघायचंय आणि देव पाठीशी आहे का याची खूण हवी आहे. तो खळ्यात लोकर ठेवतो आणि सांगतो, उद्या दव फक्त लोकरीवर असू दे, भोवतालची जमीन कोरडी राहू दे. सकाळी लोकर पिळली तर वाडगाभर पाणी. इथे बहुतेकांनी हात जोडून विषय संपवला असता. गिदोनाला मात्र काहीतरी खटकलं असावं. लोकर दव धरून ठेवते आणि जमीन लवकर सुकते, म्हणजे देवाविनाही हे घडू शकलं असतं. म्हणून ‘रागावू नकोस’ अशी विनवणी करत तो दुसऱ्या रात्री अट उलटी करतो: आता लोकर कोरडी, जमीन ओली. तसंच घडतं. कथा घडली की नाही हे सोडून द्या. पण प्रयोगाची पद्धत बिनतोड आहे. (त्याच बायबलमध्ये ‘देवाची परीक्षा पाहू नका’ अशी ताकीदही आहे, हेही लक्षात असू द्या.)

आपण सहसा गिदोनाची पहिली सकाळ तेवढी जगतो. संकट टळलं, प्रार्थना केली होती, म्हणजे ऐकली गेली. न टळलेल्या संकटांचा हिशेब कुणी ठेवत नाही. मेलोसच्या डायगोरस या ग्रीक नास्तिकाची गोष्ट रोमन लेखक सिसेरोने सांगितली आहे. वादळातून वाचलेल्या लोकांनी नवस फेडताना देवळात लावलेली चित्रं एका मित्राने त्याला दाखवली, तेव्हा तो म्हणाला, जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? दोन हजार वर्षं उलटली तरी हा प्रश्न टाळूनच बहुतेक अनुभवकथन चालतं.

‘महिनाभर मनापासून प्रार्थना करून बघ, तुला स्वतःलाच कळेल,’ हे आव्हान कसोटीसारखं दिसतं खरं. मुदत आहे, कृती आहे, निकालही बघायचा आहे. पण महिन्याअखेर काहीच जाणवलं नाही तर काय उत्तर मिळतं? मन लागलं नसेल, श्रद्धा कमी पडली, अजून वेळ आलेली नाही, देवाची इच्छा वेगळी असेल. यातलं एखादं खरंही असू शकेल. पण ही उत्तरं आधीपासून हाताशी असतील तर त्या महिन्यात हरण्याची सोयच नव्हती, आणि मग जिंकण्यालाही अर्थ उरत नाही. ‘करून पाहिलं, काही झालं नाही’ म्हणणाऱ्या नास्तिकाचीही सुटका नाही. मागितल्याबरोबर उत्तर देईल असाच देव असला पाहिजे, हे त्याने परस्पर ठरवून टाकलेलं असतं.

मग अनुभव कवडीमोल का? तसं मी म्हणणार नाही. रिचर्ड स्विनबर्न या तत्त्वज्ञाचं म्हणणं असं की, संशयाला खास कारण नसेल तर जे जसं दिसतं ते तसं आहे असंच धरून चालावं. नाहीतर डोळ्यांवरही विश्वास ठेवता येणार नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १९०१-०२ च्या एडिंबरातल्या व्याख्यानांत याची मर्यादाही आखून दिली: असा अनुभव ज्याला येतो त्याच्यापुरता तो अधिकारवाणीचा असतो, बाहेरच्याने तो निमूटपणे मान्य करावा असं बंधन मात्र नाही. मी जेम्सच्या बाजूचा, थोडा त्याच्याही पुढे जाणारा. दाढ दुखते आहे हे दुखणाऱ्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, पण नक्की कुठली दाढ किडली आहे याबाबत तोही चुकू शकतो. साक्षात्काराचं तसंच. ‘मला असीम शांती जाणवली’ यावर वाद नाही. ती कुणी दिली, इथून पुढे अर्थ लावणं सुरू होतं.

भारतीय दर्शनांत तर या बाबतीत मोठी गंमत आहे. समाधीतलं थेट ज्ञान, म्हणजे योगिप्रत्यक्ष, धर्मकीर्तीसारख्या बौद्धांना मान्य. पण ईश्वर मान्य नाही. वेद शिरोधार्य मानणाऱ्या कुमारिल भट्टाने योगिप्रत्यक्षच धुडकावलं: प्रत्यक्ष इंद्रियांनी होतं, आणि समोर असलेल्याचंच होतं. ईश्वर सिद्ध करायला बसलेल्या नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाच्या, उदयनाची भिस्त मुख्यतः अनुमानावर, म्हणजे तर्काने काढलेल्या निष्कर्षावर. म्हणजे ईश्वराच्या कट्टर वकिलानेही नुसत्या अनुभवावर खटला लढवला नाही.

असे अनुभव मेंदूतच घडतात, या मुद्द्याबद्दल थोडक्यात. १९६२ च्या गुड फ्रायडेला वॉल्टर पान्के यांनी बॉस्टनमध्ये धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना सायलोसायबिन हे भास घडवणारं रसायन दिलं, आणि त्यांतल्या बहुतेकांना गूढानुभव आले. यावरून देव नाही असं ठरत नाही, कारण झाड दिसायलाही मेंदूच लागतो. मात्र रसायनाने जे घडू शकतं, त्याला फक्त देवच कारण असणार असं म्हणायची सोय त्यातून संपते.

प्रार्थनेने रुग्णांना फायदा होतो का, याची खरी कसोटीही लावून झालेली आहे. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या ६ रुग्णालयांतले, हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले १८०२ रुग्ण होते. प्रार्थना होईल की नाही याची खात्री नसलेल्या दोन गटांपैकी ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांच्यातल्या ५२ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यातल्या ५१ टक्के रुग्णांना. आणि प्रार्थना नक्की होणार हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्के.

यावर श्रद्धाळू म्हणतात, देव असल्या प्रयोगांत पकडला जाणारा नाही. मला हे उत्तर मान्य आहे. फक्त, मग बऱ्या झालेल्या नातेवाइकाचं उदाहरणही पुराव्यादाखल देता येणार नाही. आणि या आकड्यांनी देव निकालात निघाला म्हणणाऱ्यांनी एवढं बघावं की तपासला गेला तो एकच दावा: अनोळखी माणसांनी केलेल्या प्रार्थनेने शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी होते. निर्गुण ब्रह्माने असलं आश्वासन कुणाला दिलेलंच नाही; तिथे १८०२ च्या जागी १८ लाख रुग्ण घेतले तरी आकडेमोडीला धरायला काही हाती लागणार नाही.